रेखाचा गुडघा

आज सोलापुरात मी कोच असलेल्या फुटबॉल संघातल्या एका मुलीच्या घोट्याला मलम लावताना तो उग्र वास आला आणि करकंबच्या शाळेचं मैदान आठवलं. आम्ही तेव्हा तेरा वर्षांच्या होतो. आमच्यात सगळ्यात चांगली खेळणारी रेखा सरावात खालीच बसली.

"सर, गुडघा लई दुखतोय."

"दुखणं सांगत बसणारी खेळाडू होत न्हाय," सर म्हणाले.

रेखानं माझ्याकडं पाहिलं. मी कॅप्टन होते. मी तिच्या गुडघ्याला मलम चोळलं आणि म्हणाले, "ऊठ की."

ती उठली. सरांनी माझी पाठ थोपटली. "तू पुढं चांगली कोच होशील."

त्या आनंदात, मागं रेखा कोसळलेली मला दिसलीच नाही. त्यानंतर ती कधीच धावली नाही.