व्हॉल्व वरच्या बाजूला

"अगं, चीर गेली म्हणजे टायर मेला का?" नवरा म्हणाला. "आतून पॅच लावायचा, गरम दाबायचा, झालं. वर्षभर बघायला नको."

"बाजूला पॅच धरत नाही म्हणाला टायरवाला."

"तो टायर विकायलाच बसलाय. तो काय, घेऊ नका म्हणणार?"

"पॅच मारून देतो म्हणाला. फक्त पुढच्या चाकाला लावू नका म्हणाला."

"मग मागच्या चाकाला लाव."

"मागे आई बसतात," ती म्हणाली.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहात टोस्ट बुडवत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या भांडणात मला नका घेऊ. एरवी कुठे नेत नाही, आताच बरी आठवते."

ती जमिनीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर दवाखान्याच्या वेटिंग रूमचा हिरवट पडदा होता आणि त्याची खालची दुमड ती हाताने शिवत होती, कारण जाड अस्तराला मशीनची सुई सारखी तुटत होती. पडदे उद्या सकाळी पोचवायचे होते. घरात मोठं टेबल एकच, त्यावर कापड बेतायचं आणि त्यावरच जेवायचं. आत्ता त्यावर उरलेलं अस्तर, कात्री, हुकांचा डबा आणि दुपारच्या जेवणाची झाकलेली भांडी असा सगळा संसार मांडलेला होता. गॅसवर आमटी उकळत होती. कमरेतून कळ निघत होती, पण उठून आमटी बघायला कोणी दुसरं जाईल ही आशा तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडली होती.

पडदेवाली म्हणून तिला चार गल्ल्यांत लोक ओळखत. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, शिवायचे, आणि फिटरबरोबर जाऊन टांगायचे. बायका आधी म्हणत, सूर्य आत येतो हो, जाड कापड घाला. टांगून झालं की म्हणत, अंधार झाला. तिचा स्वभाव मूळचा फटकळ, पण धंद्यात तिने जीभ आवरायला शिकून घेतलं होतं. ती सगळी बाकी मग घरी निघायची.

कापडाचे तागे आणि पडद्यांचे दांडे घेऊन फिरायला गाडी लागते. गाडी चालवायला तिला नवऱ्यानेच शिकवलं, चाळिशी उलटल्यावर. तो जन्मभर एका कंपनीच्या साहेबांचा ड्रायव्हर होता. घरात मवाळ, पण स्टिअरिंगशेजारी बसला की हेडमास्तर. क्लचवरून पाय काढ, आरशात बघ, आरसा केस सारखे करायला नसतो. त्याचे काही नियम तर देवाच्या आज्ञेसारखे होते. त्यातला एक असा की डिकीतली स्टेपनी नेहमी व्हॉल्व वर करून ठेवायची. म्हणजे चाक न उचलता हवा तपासता येते. एकदा तिने उलटी ठेवली तर भर उन्हात त्याने सगळे तागे रस्त्यावर काढून ती सुलटी करायला लावली होती.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं त्याला स्वच्छ दिसे. वर्तमानपत्रातली बारीक जाहिरातसुद्धा वाचून दाखवी. बाजूचं मात्र गेलं होतं, डावीकडचं जास्त. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. तो म्हणाला, ठीक आहे. इतक्या सहज म्हणाला की तिला त्याचंच वाईट वाटलं. म्हणून त्याच्याकडची दुसरी किल्ली तिने मागितली नाही. राहू दे बिचाऱ्याच्या खिशात, असं तिला वाटलं.

काल ती फिटरच्या टेम्पोतून कामाला गेली होती, गाडी घरीच होती. आज सकाळी बघते तर पुढच्या डाव्या चाकाला जुनी स्टेपनी चढवलेली. "हवा गेली होती, खिळा असेल. बदलून टाकलं," तो म्हणाला. अजून एकट्याने चाक बदलतो म्हणून तिला बरंच वाटलं होतं. नटही पक्के आवळले होते.

दुपारी टायरवाल्याच्या दुकानात तिने डिकी उघडली, तर चाक पालथं होतं. व्हॉल्व खाली.

टायरवाल्याने ते उलटवलं आणि बाहेरच्या बाजूची चीर बोटाने फाकवून दाखवली. आतले धागे केसांसारखे बाहेर आले होते. "हा खिळा नव्हे, ताई. फुटपाथची कड आहे. कोणी घासली?"

"मीच," ती म्हणाली.

पॅच का धरत नाही हे तिला फारसं समजवावं लागलं नाही. पडदा मध्ये फाटला तर रफू होतो. हुकापाशी, जिथे सगळं वजन लोंबतं, तिथे केलेलं रफू महिनाभरात उसवतं आणि भोक दुप्पट होतं. बाकी जे समजायचं होतं, ते पालथ्या चाकाने सांगितलंच होतं. गाडी त्याने बाहेर काढली होती आणि चीर लपवायला आपलाच नियम मोडला होता. तरी ती घरी आली आणि पॅच की नवीन एवढ्यावरच भांडत बसली. पुढचं बोलायचं त्राण नव्हतं. उद्या बोलू, पडदे पोचवून झाले की बोलू, असं ती मनाशी म्हणत होती.

"जुन्या काळी आम्ही टायरला टाके घालून चालवलेत," नवरा म्हणाला. "तुम्हाला काही झालं की नवीन पाहिजे."

तिने पुढचा टाका घातला. खोलीत टोस्ट चावल्याचा आवाज तेवढा येत होता. करकर, करकर. आणि मग तिच्या लक्षात आलं की नुसती करकरच येतेय. गेले दोन महिने सासूबाईंची कवळी सैल झाली होती आणि प्रत्येक घासाला टक् टक् वाजायची. कवळीवाल्या डॉक्टरांकडे नेते, रविवारी नेते, असं म्हणत तिने कितीतरी रविवार घालवले होते. आणि आता या टोस्ट बुडवायचा सोडून कोरडाच चावत होत्या.

तिने सुई कापडात खोचली.

"आई, कवळी कधी नीट केलीत?"

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्या त्याच्या डावीकडे असत्या तर त्याला दिसलं नसतं, पण त्या समोर होत्या.

"काल," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं त्याला, ने बाबा. तुला वेळ नाही. किती दिवस पेज पीत बसू?"

"जवळच तर आहे," तो म्हणाला. "चौकाच्या पलीकडे. गाडी हळू नेली. लावताना जरा कडेला लागली, एवढंच."

"एवढंच?"

सासूबाईंनी उरलेला टोस्ट बशीत ठेवला.

"एक माणूस बसला होता तिथे," त्या म्हणाल्या. "फुटपाथवर, पाय खाली सोडून. फोनवर बोलत होता. मी ओरडले, तेव्हा त्याने पाय वर घेतले."

"मला दिसला होता तो."

"नव्हता दिसला रे. मला वाटलं, दिसला असेल, आत्ता थांबेल. तू थांबलाच नाहीस."

आमटी उतू गेली आणि गॅस फसफसला. कोणी उठलं नाही. मग तीच उठली. जमिनीला हात टेकून, टेबलाची कड धरून, एकेक हाड गोळा करावं तशी. गॅस बारीक केला, ओटा पुसला, फडकं पिळलं. हे सगळं होईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर दोन चपला होत्या, कोणाच्या तरी, वर उचललेल्या. खिशातली किल्ली आपणच राहू दिली, रविवारही आपणच घालवले. पण आता रडायला किंवा ओरडायला बसलं तर हिरवा पडदा रात्री कोण पुरा करणार, हाही विचार त्यातच होता.

ती परत आली तेव्हा नवरा हुकांच्या डब्याशी चाळा करत होता. त्याने वर न बघता विचारलं, "मग काय, पॅच लावतेस ना?"

"नाही," ती म्हणाली. "उद्या पडदे पोचवायच्या आधी नवीन टायर बसेल. तुमच्या खिशातली किल्ली आत्ता या टेबलावर ठेवा, ती माझ्याकडे राहील. आई, तुम्हाला कुठे जायचं असलं तर मला सांगा. मला नाही जमलं तर टॅक्सी करायची आणि हे तुमच्याबरोबर येतील, मागे बसून. भांडी उचला टेबलावरची, पानं घ्यायची आहेत."