वळ नसलेला मार

"स्वादुपिंडाला इजा झालीय," सीटी स्कॅन बघून बेळगावच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. पॅन्क्रियाज, म्हणजे जठरामागची अन्न पचवणारा रस करणारी ग्रंथी. ती दुखावली की तो रस पोटातच झिरपतो. मग त्यांनी माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा, कुणी लाथ मारली का?"

मला राग आला. नाही म्हटलं.

चार दिवसांपूर्वी जोयड्याजवळच्या आमच्या शेतात चिखलणी चालली होती. चाकाला अडकलेली मुळं काढायला मालक खाली वाकले आणि मला पॉवर टिलर, म्हणजे दांडा धरून मागून चालवायचा छोटा ट्रॅक्टर, धरायला सांगितला. तो अचानक मागं आला. दांडा आणि बांध यांच्यामध्ये माझं पोट दाबलं गेलं. वळसुद्धा उठला नाही. घरी जाऊन मी भाकऱ्या केल्या. तिसऱ्या दिवशी दुखणं पाठीत गेलं, उलट्या थांबेनात.

ऑपरेशन करायचं नाही असं ठरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, रस वाहून नेणारी मुख्य नळी शाबूत आहे, ग्रंथीला विसावा दिला तर ती आपोआप भरेल. तोंडानं पाणीही बंद. हाताला सलाईन, आणि नाकातून थेट आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून पातळ आहार. स्वादुपिंडाचा रस रक्तात किती उतरलाय हे कळायला अमायलेजची तपासणी.

मालकांना ते पटेना. आपण जंगलातली माणसं म्हणून नुसतं झोपवून ठेवलंय, असं त्यांना वाटे. खानापूरहून माझा थोरला भाऊ आला. अण्णाचा संशय डॉक्टरांवर नव्हता, मालकांवर होता. हे जवळ असताना टिलर तुझ्या हातात कसा, असं तो पुन्हापुन्हा विचारी. मालक औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर निघून जात. उपाशीपोटी पडून मीही तेच उगाळू लागले.

सहाव्या दिवशी ताप चढला. दुसऱ्या स्कॅनमध्ये ग्रंथीशेजारी पाणी साचलेलं दिसलं. वाढलं तर बाहेरून नळी घालून काढू, तोवर थांबू, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. यांच्या भरवशावर हिला ठेवत नाही, असं म्हणत अण्णा मला दुसऱ्या दवाखान्यात न्यायला निघाला, तेव्हा मालक बोलले.

"क्लच सकाळपासनंच नीट लागत नव्हता. मला ठावं हुतं. तरी बी हिला धर म्हणालो."

"मग आदी का न्हाई सांगितलंसा?" अण्णानं विचारलं.

"तुमी काय येगळंच समजशीला म्हणून."

मी विश्वास ठेवला, राग मात्र बरेच दिवस राहिला. अण्णानं विश्वास ठेवला की नाही, अजून कळलेलं नाही. पण त्यानं मला तिथंच राहू दिलं.

ताप उतरला. बाराव्या दिवशी घोटभर पाणी मिळालं, मग तांदळाची पेज. तिसऱ्या आठवड्यात घरी आले. दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा साचलेलं पाणी जिरलं होतं.

पोटावर मार बसला आणि वळ दिसला नाही, तरी घरी थांबू नका. कसा बसला ते डॉक्टरांना सगळं सांगा. मला एकटीला गाठून तो प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा आता राग येत नाही. माझ्याबाबतीत त्यांची शंका खोटी ठरली. एखादीच्या बाबतीत ती खरी असेल, आणि तिला विचारणारं तेवढं एकच माणूस भेटेल.