खोड सांगून विकणारे रंगनाथमामा

मी लेखक नाही. आमच्या घरात आजवर अर्जाशिवाय कोणी काही लिहिलेलं नाही, आणि कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायला बसणं हा माझा आगाऊपणाच आहे. रंगनाथमामांविषयी लिहिणं तर जास्तच. ते का, हे पुढे येईल. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

परतूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामांचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. त्यांचे वडील बैलबाजारातले दलाल. मामा त्या धंद्यात पडले नाहीत, पण बोलणं सगळं तिथलंच राहिलं. जालन्यातल्या एका पैसेवाल्या माणसानं बंगल्याची एक खोली संगणकांनी भरली होती. त्यांना सतत आकडेमोड करायला लावायची आणि त्यातून इंटरनेटवरची नाणी कमवायची, याला मायनिंग म्हणतात. तो धंदा बसल्यावर त्या खोलीतले मोठे पंखे उतरवायला त्यानं मामांना बोलावलं. मामा गेले पंख्यांसाठी आणि आले त्या संगणकांतल्या, आकडेमोड करणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची दोन पोती घेऊन.

मायनिंग म्हणजे खाणकाम, असं कोणीतरी सांगितलं म्हणून मामांनी पाटी लावली, ‘खाणीतून आलेले कार्ड मिळतील.’ शेजारच्या किराणा दुकानातल्या काकू विचारायला आल्या, “रंगनाथराव, रेशन कार्ड पण भेटतं का हो?”

“भेटतं की,” मामा म्हणाले, “पण त्याच्यावर फक्त कोळसा देतेत.”

मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी कापसाच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्राम करायचा होता. त्याला तसं कार्ड लागतं, आणि नवं घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. मी गेलो तेव्हा मामांनी एक कार्ड उचललं, डोळे मिटून त्याचा वास घेतला आणि म्हणाले, “लई राबवलंय ह्याला. पण चालंल. आता ह्याची खोड ऐकून घे.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते गंभीर होते. “तासभर झाला की ह्याच्यावरचा डावीकडला पंखा थांबतो. बाहेरून टेबलफॅनचा वारा दे, बराबर चालतं.” हेच त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलं आणि पट्टी कार्डाच्या पाठीवर लावली. प्रत्येक कार्डाला अशी पट्टी असायची. “बैल मारका असला तर मारका सांगायचा. खोड सांगून विकला तर बैल घेणाऱ्याचा, लपवून विकला तर जन्मभर आपलाच.”

पुढे मी येता-जाता तिथे टेकू लागलो. एकदा शहागडचा एक तरुण मोटारसायकल चालूच ठेवून आत आला. “मामा, खोडी-बिडी राहू द्या, जल्दी आहे. बांधा.” मामांनी बांधायला घेतलेलं कार्ड पुन्हा फळीवर ठेवलं. “ऐकायला टाइम न्हाई, तर त्याला सांभाळायला कुठून काढशील? सावकाश ये.” तो चिडून गेला. दोन दिवसांनी आला, आणि गाडी बंद करून आला.

माझा प्रकल्प झाला. पुण्याला एका कंपनीत शिकाऊ म्हणून जायचं ठरलं आणि जाण्याआधी मी कार्ड विकायला काढलं. घनसावंगीचा विलास नावाचा विद्यार्थी घ्यायला आला. पंख्याचं सांगितलं तर हा घेणार नाही, अशी मला भीती वाटली. तो येण्याआधीच मी चिकटपट्टी सोलून टाकली होती. “एकदम ओके आहे,” मी म्हणालो.

श्रावणात मामांचा फोन आला. “अरे, विलास म्हणून एक पोरगं आलंय दुकानात. कार्ड आपलंच हे, मी वळखलं. म्हणतंय, खोड कुणी सांगितलीच न्हाई. तू सांगितल्ती का?”

मी म्हणालो, “हो मामा, सांगितली होती.”

“मंग बराबर.” फोन तसाच कानाशी ठेवून ते त्याला म्हणाले, “काय रे, घेताना कबूल केलं आन् आता खोटं बोलून राह्यलास?”

“आईशपथ न्हाई सांगितलं, मामा,” असा पलीकडून आवाज आला, आणि फोन बंद झाला.

मामांना खरं सांगायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. कितीदा तरी नंबर काढला आणि फोन खिशात ठेवला. दिवाळीला गावी जाताना बस परतूरला थांबली, तेव्हा समोर बघत बसून राहिलो. उतरलो नाही. शेवटी होळीच्या सुमारास धीर केला, तोही अर्धाच. मामांना न करता आधी विलासला फोन केला आणि सगळं कबूल करून म्हटलं, तुझे पैसे परत करतो.

“कशाचे पैसे?” तो म्हणाला. “कार्ड तर मामांनी कधीच बदलून दिलं. पोळा झाल्यावर स्वतः जीपनं घरी आल्ते. माझ्या आईसमोर म्हणले, ‘तुमचं पोरगं खरं बोलत होतं, बाई. मी त्याला खोटं पाडलं, मला माफ करा.’ मलाच कसंतरी झालं.”

“त्यांना कसं कळलं?”

“ते न्हाई सांगितलं. मी तुझं नाव काढलं, तर म्हणले, त्याला काही बोलू नको, त्याचा तो फोन करंल मला.”

विलास पुढे म्हणाला, “लई चांगला माणूस. गेले तवर दर पंधरा दिवसाला विचारायचे, कार्ड कसंय म्हणून.”

“गेले? कुठं गेले?” मी विचारलं.

तो हळू आवाजात म्हणाला, “तुला कुणी कळवलं न्हाई का रे?”