मनोहररावांचा पाचव्या खेपेचा कौल

लांज्याला एसटीतून उतरले आणि पहिलं दर्शन झालं ते दोन फलकांचं. फाट्यावरच्या एकाच आंब्याला शेजारी शेजारी बांधलेले, आणि दोन्हींवर एकच नाक! एका फलकावर माझ्या मैत्रिणीचे, सुनंदाचे, यजमान मनोहरराव : माजी आमदार, आता अपक्ष. दुसऱ्यावर त्यांचे धाकटे भाऊ विलास : पक्षाचे अधिकृत उमेदवार. सोलापूरहून निघताना मी मुलांना सांगून आले होते की समुद्र बघायला आणि मासे खायला चाललेय. इथे वेगळंच वाढून ठेवलेलं दिसत होतं.

रिक्षावाल्याला म्हटलं, "आमदारांच्या घरी चला."

"कुठल्या? झालेल्या की होनाऱ्या?"

"घर एकच आहे ना त्यांचं?"

"घर एकच हाय ओ. कालपरवाधरनं दारां दोन झाली."

तो खोटं बोलत नव्हता. जांभ्याच्या (तिकडच्या तांबड्या, भोकाभोकांच्या दगडाच्या) त्या ऐसपैस घराच्या पडवीत एका टोकाला दादांची, म्हणजे मनोहररावांची, माणसं बसलेली, दुसऱ्या टोकाला विलासची, आणि मधला झोपाळा रिकामा. चहाच्या किटल्यासुद्धा दोन. मी पाहुणी म्हणून दोन्हीकडचा चहा प्यायले, तर दोन्हीकडचे माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

सुनंदा स्वयंपाकघरात घावन काढत होती. मला बघून हसली आणि लगेच रडली. "आज तीनपर्यंत अर्ज मागं घेता येतो," ती म्हणाली. "नाही घेतला तर मतं फुटणार आणि दोघंही पडणार. पडू देत गं, सवय आहे आम्हाला. पण विलास म्हणतोय, भांडी वाटून घेऊ. सासूबाई गेल्या तेव्हा तो केवढासा होता! मी वाढवलाय त्याला." तव्यावरचं घावन करपलं तरी तिचं लक्ष नव्हतं. हॉस्टेलमध्ये चार वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही, ही अशी कधी रडलेली मला आठवत नाही.

जेवताना मनोहररावांनी स्वतःच विषय काढला. त्यांचं सगळं राजकारण गावदेवीच्या कौलावर चाललेलं. (कौल म्हणजे देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.) पहिल्या निवडणुकीला गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली, आमदार झाले. दुसऱ्यांदाही उजवी, पुन्हा आमदार. तिसऱ्यांदा डावी पडली. तिकीट खिशात होतं, म्हणून हे हसले, उभे राहिले आणि सपाटून पडले. चौथ्यांदा रागाने विचारलंच नाही. पुन्हा पडले. त्या चारही वेळा गावोगाव हिंडून प्रचार करणारा होता विलास. यंदा पक्षाने तिकीट त्यालाच दिलं.

"आज विचारणार भावोजी?" मी म्हटलं.

"विचारणार. उजवी पडली तर ब्रह्मदेव आला तरी माघार नाही." सुनंदाच्या हातातली पळी तशीच राहिली.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापायचं सोडून माणसं आली होती. लांबच्या खांबाशी विलास उभा होता, हाताची घडी घालून. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी लावली. मी परकी हे ओळखून हळूच म्हणाला, "उजवी म्हंजे देवीची उजवी, बाई. आपल्याला ती डाव्या हाताला दिसता."

मग गाऱ्हाणं सुरू झालं. गुरव देवीपुढे एकेक मागणं मोठ्याने मांडायचा आणि सगळं देऊळ एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं संपलं. सगळे पाकळ्यांकडे टक लावून बसले.

एकही हलली नाही.

गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं. काही नाही. मनोहररावांचा ड्रायव्हर दारातून घड्याळ दाखवायला लागला. कुणीतरी पुटपुटलं, "देवी रुसलीन." सुनंदाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी सोलापूरची, नवसाबिवसावर फारसा विश्वास नसलेली बाई. पण त्या घटकेला मी मनापासून म्हणत होते, बाई गं, डावी टाक.

गुरवाने तिसऱ्यांदा सुरू केलं. "पोराबाळांना सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् एका आईची लेकरां एका चुलीवर ऱ्हावंदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज मनोहररावांचा होता. जन्माची सवय, गुरवाने म्हटलं की आपण म्हणायचं. म्हणून झाल्यावर मात्र ते थबकले. देऊळही थबकलं. देवीसमोर दिलेला होकार तिकडे वचन मानतात.

"ह्या मुद्दाम घातलंस तू?" त्यांनी गुरवाला विचारलं. कपाळाची शीर तटतटली होती.

"दादानू, ह्या दर गाराण्यात असता. इतकी वर्सां तुमीच व्हय म्हनत आलाव."

मनोहरराव देवीकडे बघत राहिले. मग खांबाकडे न वळताच म्हणाले, "विलास, गाडी काढ. तीन वाजतील."

एकच पळापळ झाली. सुनंदा तर अनवाणीच धावली. मीही निघाले, तर माझ्या चपला गायब! त्या गोंधळात कुणीतरी घालून गेलं होतं. शोधत शोधत पुन्हा सभामंडपात आले. बाहेर गाड्या सुरू झाल्या, आत फक्त गुरव आणि मी.

आणि पाकळी पडली. माझ्या डाव्या हाताला. देवीच्या उजव्या.

मी गुरवाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. त्याने शांतपणे ती पाकळी उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. "कौल मागनारा उठून ग्येला, बाई. आता ह्या नुसता फूल."

अर्ज वेळेत मागे घेतला गेला. संध्याकाळी दोघे भाऊ झोपाळ्यावर बसले होते, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. पण चहा एकाच किटलीतून आला. समुद्र काही मी बघितला नाही. बांगडे मात्र सुनंदाने दुसऱ्या दिवशी खाऊ घातले.

निघताना मला स्टँडवर सोडायला मनोहरराव स्वतः आले. फाट्यावर आता एकच फलक होता. एसटी लागली तसे ते एकदम म्हणाले, "वहिनी, काल देवळात तुम्ही मागं राहिला होतात. काही पडलं का हो?"

पाकळी माझ्या पर्समध्ये होती. समोरच्या टपरीवर विलास माझ्यासाठी पाण्याची बाटली घेत होता.

"नाही हो," मी म्हटलं. "मी चपला शोधत होते."

त्यांचे खांदे सैल पडले. "म्हणजे या खेपेला कौल मीच दिला म्हणायचा," ते म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले.

सोलापूर येईपर्यंत पाकळी पार सुकून गेली. देवीला काही म्हणायचंच असेल, तर तिने खुशाल माझ्याशी भांडावं.