सोनावणे काकांची एक ओळ

सोनावणे काकांची आणि माझी ओळख अडकलेल्या लिफ्टमध्ये झाली, आणि ती लिफ्ट त्यांनीच मुद्दाम अडकवली होती. कोलशेतच्या आमच्या इमारतीत ती महिनाभर मध्येच बंद पडत होती. मेकॅनिकने दुरुस्त केली, रिकामी दोनदा वरखाली फिरवून दाखवली आणि सही मागितली. तळमजल्यावरचे काका थांबा म्हणाले. त्यांनी वॉचमनला, भाजी घेऊन आलेल्या माझ्या आईला आणि मला आत घेतलं आणि स्वतः तांदळाची गोणी घेऊन शिरले. दुसरा मजला ओलांडताच लिफ्ट थांबली. आई वैतागली. काकांचा चेहरा मात्र खुलला. "सापडलं," ते म्हणाले. "भार असला की अडकते. त्याने रिकामीच तपासली."

पुढची वीस मिनिटं मी स्वतःच्या चपलांकडे बघत काढली. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझं इंग्रजी आणि मराठी दोन्ही पळून जातं. आईनेच सांगून टाकलं, की ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ते कर्नल का काय त्यावर दिवसभर बसलेली असते. काकांनी गोणी खाली ठेवली. "कर्नल? मग चहाला ये."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाच्या घरात कपाटभर जुने संगणक होते. कर्नल म्हणजे संगणकाच्या अगदी तळाशी चालणारा प्रोग्राम, जगभरातली माणसं मिळून लिहितात तो. कोणी त्यात बदल सुचवला की काका तो आपल्या जुन्या मशिनांवर चालवून बघत आणि खरंच चालला तरच त्या बदलाखाली 'तपासलं' अशी स्वतःच्या नावाची एक ओळ देत. त्या ओळीला वजन होतं. आपण काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बघितलंस की वाटलं?" काकू म्हणायच्या, "हे मला बघायला आले तेव्हा पोहे दोनदा मागून खाल्ले. एकदा चांगले होणं चुकूनही असू शकतं म्हणे."

माझ्या लॅपटॉपचं झाकण मिटून उघडलं की टचपॅड अधूनमधून मरायचा. मी कर्नलमध्ये तीन ओळी बदलल्या आणि तो चालू लागला. पुढच्या बुधवारी माझी नोकरीची मुलाखत होती. त्याआधी बदल पाठवला, तर तिथे सांगायला माझ्याकडे काहीतरी असणार होतं. आणि रविवारपासून दोन आठवडे दार बंद होणार होतं. दर दोन-अडीच महिन्यांनी आधी तयार असलेलं सगळं काम मुख्य कर्नलमध्ये घेतात, त्या दिवसांत नवीन काही पाठवायचं नसतं. काका म्हणत, "नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत टेम्पो घुसवतं का कोणी? मंडपाचं सामान आधी आणायचं, नाहीतर नंतर."

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे ती ओळ मागितली. ते म्हणाले, "आधी बिघडवून दाखव. तुझ्या तीन ओळी काढ आणि बघ."

मी काढल्या. झाकण वीस वेळा मिटलं, उघडलं. टचपॅड मजेत चालत होता. माझ्या ओळी नसतानाही.

कारण सापडलं तेव्हा माझे कान तापले. कर्नल लवकर तयार व्हावा म्हणून मी त्यातले मला नको असलेले भाग वगळले होते, आणि त्यात या टचपॅडचा भागही गेला होता. टचपॅड दुसऱ्याच, साध्या मार्गाने चालत होता. माझा कोड एकदाही धावला नव्हता. मी रिकामी लिफ्ट तपासली होती.

काका पोट धरून हसले, पण स्वतःला. एकदा ते तीन दिवस नवा कर्नल तपासत होते आणि मशीन रोज जुनाच चालू करत होतं. "तीन दिवस मी जुन्याचीच स्तुती लिहिली," ते म्हणाले. "चल, भार घालून बघू."

टचपॅडचा भाग घालून कर्नल पुन्हा तयार केला. आता माझ्या ओळी असूनही वीस वेळांत दोनदा टचपॅड मेला. जागं झाल्यावर त्याला किंचित जास्त वेळ हवा होता, हे कळायला मंगळवार उजाडला. तरी पाठवू का, असं मी हळूच विचारलं. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नुसतं बोट केलं.

मुलाखतीत मी खरं ते सांगितलं, की पाठवलेलं नाही, तपासतेय. का, असं त्यांनी विचारलं आणि मी, जी कधी बोलत नाही, अर्धा तास बोलले. ती नोकरी मिळाली नाही. पण तसं बोलता येतं हे कळलं, आणि पुढची मिळाली.

दार उघडलं त्या सोमवारी बदल गेला. त्याआधी काकांनी माझा लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला होता आणि वर्तमानपत्राच्या कडेला रेघा मारत झाकण दोनशे वेळा मिटलं होतं. माझ्या नावाखाली त्यांची ओळ होती. बदल घेतला गेला.

या वर्षी काका-काकू मुलीजवळ राहायला डोंबिवलीला गेले. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी धीर करून म्हणाले, "काका, तुमची आठवण येईल."

"बघितलंस की वाटलं?" ते म्हणाले आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. दार काकांनीच उघडलं.

"बघितलं," मी म्हणाले.