घोटाभर पाण्याची धास्ती

माझ्या थोरल्या साडूंइतका पाण्याबद्दल जाणणारा आणि पाण्याला भिणारा माणूस उभ्या पुण्यात दुसरा सापडणार नाही. खडकवासल्याकडच्या एका प्रयोगशाळेत त्यांची अख्खी नोकरी वाहतं पाणी बघण्यात गेली, तेही मधलं नव्हे, कडेचं. भिंतीला, तळाला चिकटून वाहणारं जे पाणी तुम्हाआम्हाला गढूळ गोंधळ वाटतं, त्यात त्यांना शिस्तीतले भोवरे दिसायचे. निवृत्तीनंतरही ते पाहणं सुटलं नाही. पातेल्याच्या कडेनं हळद कशी रेघारेघांनी फिरते हे न्याहाळताना खाली आमटी करपायची. "अहो, आमटी ढवळायची असते, बघत बसायची नसते," असं आमची मेहुणी रोज सांगायची. एकदा त्यांनी स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर लोकरीचे बोटभर धागे डकवले आणि कसबा पेठेतून निघाले. पोलिसानं अडवून विचारलं, "आजोबा, हे काय?" "पत्र्यालगतचा वारा कसा वळतो ते बघतोय." "मग समोर कोण बघतंय?"

आमच्या घरी जेवायला आले असताना त्यांनी माझ्या बायकोच्या केसांतला आकडा मागून घेतला आणि ताटाच्या काठावर तिरपा धरला. "भोवरा असा उठतो. दोन पाय तळाशी, डोकं वर. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. रांग असते रांग!" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "पाणी आधी वाहून नेत नाही," ते म्हणाले, "आधी उचलतं." त्यानंतर भात कोणी मागितला नाही. हा माणूस रस्त्यातल्या डबक्यालाही वळसा घालायचा, आणि मी मनातल्या मनात त्यांना भित्रा म्हणायचो.

मग एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि आमची गाडी नदीपात्रातल्या रस्त्यावर राहिली. साडू जवळच राहायचे, म्हणून त्यांना फोन केला. ते आले तेव्हा दुपार होती. पाणी रस्त्यावर चढलं होतं, पण जेमतेम घोट्यापर्यंत. गाडी दगडी संरक्षक भिंतीला लागून उभी, आणि बायको आधीच भिंतीच्या बाजूनं आत शिरून कागदपत्रं शोधत बसलेली. मी चढावर उभा राहून पँट दुमडत होतो.

"थांबा," साडू म्हणाले. "भिंतीच्या कडेला बघा."

मी पाहिलं. गाडीच्या चाकाजवळ ताटाएवढी गढूळ उकळी वर आली आणि विरली. पुढे दुसरी. मग तिसरी, त्याच रांगेत.

"तळाची माती वर येतेय. खाली रस्ता उरलेला नाही."

"अहो, घोटाभर तर पाणी आहे!"

त्यांनी चपला काढल्या आणि ते पाण्यात उतरले. भिंतीकडून नव्हे, रस्त्याच्या मधून, पाय न उचलता, घासत घासत. माझे पाय मात्र जागचे हलेनात.

"तिकडनं उतरू नकोस!" ते ओरडले. "सीटवरून सरक, माझ्या बाजूनं ये!"

"भाऊजी, फाईल सापडतच नाहीये…"

"फाईल राहू दे! ये म्हणतो ना!"

उभ्या आयुष्यात ते तिच्यावर ओरडले नव्हते. ती तशीच आली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि आल्या वाटेनं परत निघाले. ते दोघं चढाला लागले आणि मागे गाडी भिंतीकडे कलली. धडाम नाही, काही नाही. पुढचं चाक हळूच खाली गेलं, मग दार, मग काच.

चढावर आल्यावर बायको हलकेच म्हणाली, "भाऊजी, सोडा आता हात."

"हो, हो," ते म्हणाले, पण बोटं उघडेनात. मीच ती एकेक करून सोडवली. बर्फासारखी गार होती.

"कुठे खचणार ते दिसत होतं," ते मला म्हणाले. "कधी, ते नव्हतं दिसत. फार भ्यालो हो."

आता ते मुलीकडे विश्रांतवाडीला असतात. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्यांचा फोन येतो. पाण्याचं ते काही बोलत नाहीत. "सगळे घरात आहात ना?" एवढंच विचारतात. आहोत म्हटलं तरी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात. मीही तो खाली ठेवत नाही.