रिकाम्या हातांनी चालायचं

नर्सनं ट्रेवरचं फडकं उचललं आणि मामंजी भिंतीला धरून खालीच बसले.

ट्रेमध्ये पिवळंधमक, लोण्याच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं. ती आत्याबाईंच्या पोटावरची चरबी होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या तिसगावच्या बाजूला सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. आत्याबाईंच्या बेंबीतून आतडं बाहेर यायचं. खोकल्या की लिंबाएवढी गाठ वर यायची, आणि देह असा की खाली बसल्यावर पोट मांडीवर विसावायचं. नगरच्या डॉक्टरांनी गाठ आत घालून टाके घातले आणि त्याच वेळी वरची चरबीही कापून काढली. माणसाच्या अंगातून असं काही काढतात हे मला माहीत नव्हतं. मी दोन महिन्यांची गरोदर होते. तोंडाला पदर लावून बाहेर पळाले ती हौदापाशी जाऊन थांबले.

परत आले तेव्हा मामंजी उठून उभे होते आणि चांगले खुशीत दिसत होते. "म्हंजी ही आता बारीक झाली की हो," ते डॉक्टरांना म्हणत होते.

"कापून कोणी बारीक होत नाही," डॉक्टर म्हणाले. "माझं काम संपलं. आता उरलंय ते तोंडाचं आणि पायांचं. वजन वाढलं किंवा यांनी ओझं उचललं, तर टाके सुटतील. आणि ते सुटले, तर मी हात लावणार नाही. धरायला जागाच राहायची नाही तिथं."

मी मॅट्रिक झालेली, म्हणून पथ्याचा कागद माझ्या हातात आला. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी एक भाकरी, संध्याकाळी अर्धी. तूप, गूळ, शेंगदाणे बंद. घास बत्तीस वेळा चावायचा. जेवण ठरल्या वेळी. पाणी पाहिजे तेवढं. आधी घरातल्या घरात, मग अंगणात आणि दीड महिन्यानं रोज कोसभर जाऊन यायचं. ओझं अजिबात नाही, भरलेली कळशीसुद्धा नाही. दर महिन्याला वजनाला नगरला यायचं.

मला भारी वाटलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्या घरात माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, आणि आता सासूच्या तोंडाची किल्ली माझ्या हाती आली होती. खरं सांगायचं तर मी जरा माजलेच.

बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस होते ते. घरची विहीर कोरडी पडली होती. बैल सरकारी छावणीत, आणि बैलांपाशी मामंजी. दुपारच्या जेवणापुरते ते घरी यायचे. माझे यजमान तिकडे बेलापूरच्या बाजूला साखर कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा उगवायचे. घरात आम्ही दोघीच. रेशनवर मिलो नावाची लालसर ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. "ही भाकर बत्तीस येळा न्हाई, बत्तीस दिवस चावली तरी सरायची न्हाई," असं आत्याबाई म्हणायच्या. पण चावायच्या. मी समोर बसून मोजायचे.

त्यांना सगळ्यात जड गेलं ते ठरल्या वेळी जेवणं. उभ्या जन्मात त्या सगळ्यांच्या मागून जेवल्या होत्या, आणि जेवल्या म्हणजे काय, तर पातेल्यात उरलेलं, पोरांनी टाकलेलं, कुत्र्याला घालायला जीव होत नाही असलं सगळं पोटात टाकलं होतं. चरबी त्याचीच होती. आता मामंजींच्या आधी ताट घेऊन बसायचं म्हटल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून जेवल्या. मामंजी दारात आले, बायको आपल्याआधी जेवते आहे हे बघून तसेच मागे फिरले आणि खोकत ओट्यावर बसून राहिले.

बघायला येणाऱ्यांनी तर वैताग आणला. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पाटपाण्याच्या बागायती भागातले पाव्हणे गूळ घेऊन आले, कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी एवढ्या दुष्काळात तुपातला शिरा. "पोट फाडलंय बिचारीचं, ताकद नको का?" म्हणत बायका त्यांच्या तोंडात घास कोंबायला बघायच्या आणि मी मध्ये हात घालायचे. सगळं उतरंडीच्या खालच्या मडक्यात कोंबून वर चार मडकी रचायचे. व्हायचं तेच झालं. सून सासूला उपाशी मारते म्हणून गावभर बोभाटा झाला. मी म्हटलं, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. बोलू देत.

दीड महिना झाला आणि चालायची वेळ आली. पहिल्या दिवशी आत्याबाई वेशीपर्यंत गेल्या आणि लालबुंद तोंडानं परत आल्या.

"मी न्हाई जायाची."

"का? दुखतंय का?"

"दुखत न्हाई. समदी इचारत्यात, कुठं निगाल्या? काय सांगू? चालाया? बाईमानूस कारनाशिवाय चालतंय व्हय? पोट फुगल्यालं जनावर चालवत्यात तसं चालू का मी?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या गावात बाई रस्त्यानं गेली तर डोक्यावर काहीतरी असायचं, नाहीतर कडेवर, नाहीतर हातात. हात हलवत जायची चैन गड्यांची. मी विचार केला आणि म्हटलं, "डोंगरातल्या मारुतीला जा. कोसभर आहे. हातात तांब्या न्या. कोणी विचारलं तर नवस आहे म्हणायचं."

ही युक्ती त्यांना पटली. दुसऱ्या दिवसापासून त्या उजाडायच्या आत तांब्या घेऊन निघायला लागल्या. देवाचं नाव घेतल्यावर कोणाची विचारायची टाप नव्हती. मी माझ्या अकलेवर खूश.

त्याच सुमाराला आमच्याकडे पाणी भरणारी बाई पाझर तलावाच्या कामावर गेली. तिथं मजुरीबरोबर सुकडी नावाचा कोरडा खाऊ मिळायचा, पोरांची पोटं भरायची; तिला कोण दोष देणार? पण आता पाणी कोण आणणार? गावातल्या कुठल्याच विहिरीला पाणी नव्हतं, होतं ते मारुतीच्या पायथ्याच्या विहिरीला. आदल्या वर्षी तिथूनच घागरी आणताना माझा पाय घसरला होता आणि चौथ्या महिन्यात माझं पोट खाली झालं होतं. त्यावर घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी म्हटलं, "मी जाईन हळूहळू." आत्याबाई म्हणाल्या, "तू गप ऱ्हा. म्या दुसरी बाई बगितलीया. झुंजूमुंजू व्हायच्या आत रांजन भरून जाईल."

आणि रांजण भरायला लागला. मला सकाळी उलट्या व्हायच्या, मान वर व्हायची नाही. मी उठायचे तेव्हा अंगणातला रांजण काठोकाठ असायचा आणि आत्याबाई मारुतीहून येऊन तांब्या घासत बसलेल्या असायच्या. पाणी भरणारी कोण, हे मी एकदाही विचारलं नाही. पाणी आलं की आलं. विचारायचे मी भाकरीचं. "काल संध्याकाळी अर्धीच ना? शेंगदाणा तोंडात नाही ना टाकला?"

वजन उतरत गेलं. पहिल्या महिन्यात डॉक्टरांनी मान डोलावली. दुसऱ्या महिन्यात माझा कागद हातात घेऊन नर्सला दाखवला. मी त्यावर रोजचं जेवण आणि चालणं लिहून आणायचे. "अशी सून पाहिजे," ते म्हणाले. मी एसटीत परतीची सगळी वाट खिडकीशी बसून एकटीच हसत होते. आत्याबाई पदर पोटाशी घट्ट धरून बसल्या होत्या. मला वाटलं, गाडीचे हिसके बसतायत.

चैत्र सरत आला होता. मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. सहावा महिना चालला होता माझा. पीठ भरून घेताना माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "सासूला अर्दी भाकर घालती, आन् वर कोसावरनं पानी व्हायाला लावती. डोळं फुटलं तिचं."

मी मागे वळून म्हटलं, "कोण वाहतंय पाणी?"

त्या दोघींतली म्हातारी हळूच म्हणाली, "तुला ठावं न्हाई व्हय गं?"

दळण तिथंच टाकून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी अंधारातच उठले आणि त्यांच्या मागोमाग निघाले. आत्याबाई तांब्या घेऊन शेजारच्या म्हातारीच्या घरात शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर रिकामी घागर होती, काखेत कळशी. हाक मारायचं भान मला राहिलं नाही. वाटेत दोनदा ओकले. विहिरीवर पोचले तोवर उजाडलं होतं आणि त्या भरून परत निघाल्या होत्या. डोक्यावर भरलेली घागर, कमरेवर भरलेली कळशी, पोटाला धोतराचा पट्टा करकचून बांधलेला. चाल मात्र कशी, पंचविशीतल्या बाईसारखी. आणि ती घागर आमची होती. तिच्या काठाला माझ्याच हातून पडलेला पोचा होता.

मी तिथं रस्त्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. "मरायचंय का तुम्हाला?" म्हणाले. "मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही," असंही म्हणाले. बायका रांगेत उभ्या राहून ऐकत होत्या. आत्याबाईंनी घागर खाली उतरवली नाही.

"पयल्या दिशी रिकामीच गेल्ते," त्या म्हणाल्या. "समद्या जनी भरलेल्या घागरी घिऊन माज्या म्होरं, आन् मी हात हालवत मागं. घरात रांजन कोरडा. कसं यावं सांग बरं?"

त्याच आठवड्यात वजनाचा दिवस होता. काटा आणखी खाली आला होता. डॉक्टर हसतच म्हणाले, "झोपा, टाके बघू." पट्टा सोडला. त्यांनी खोकायला सांगितलं, आणि टाक्यांच्या खालच्या अंगाला बोराएवढं काहीतरी टरारून वर आलं.

"हे केव्हापासून?" डॉक्टरांचं हसू मावळलं होतं.

"म्हैना झाला आसंल," आत्याबाई म्हणाल्या. म्हणजे मागच्या खेपेला डॉक्टर माझं कौतुक करत होते, तेव्हाही ते होतं. पदराखाली, हाताच्या मुठीत धरलेलं.

"काही उचललंत का?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधीच त्या म्हणाल्या, "मारुतीचा तांब्या तेवडा न्ह्यायची. बाकी काय न्हाई. पोरीनं लई सांबाळलं."

डॉक्टरांनी माझा कागद पुन्हा वाचला. त्यात भाकरी होती, चावणं होतं, चालणं होतं. खाली माझ्याच अक्षरात रोजच्या रोज लिहिलेलं होतं: पाणी, पाहिजे तेवढं. त्यांनी पट्टा लिहून दिला, जन्मभर बांधायचा, आणि ओझ्याला हात लावायचा नाही असं दोनदा बजावलं. पुन्हा चिरायचं नाव काढलं नाही.

एसटीत मी रडत होते. आत्याबाई माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नगं. माजं पोट शिवता येतंय. तुजं येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मामंजी छावणीतून पहाटेच आले. त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे. मी नाही सांगितलं. त्यांनी माळ्यावरून देवाची कावड काढली, तिला दोन डबे अडकवले आणि निघाले. घरी प्यायचं पाणी त्या माणसानं कधी खांद्यावरून आणलं नव्हतं. ओट्याओट्यावर माणसं उठून उभी राहिली.

त्यांच्या मागून दहा पावलांवर आत्याबाई निघाल्या. तांब्या त्यांनी चुलीपाशी ठेवला होता. वेशीपाशी गिरणीतली तीच बाई उभी होती. तिनं विचारलं, "कुठं निगाल्या?"

"चालाया," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालत राहिल्या.